लेमायान आणि माझं शिसवी लाटणं

"मामा मुक्ता, गाडीला रात्री झोप नीट लागली का?"

अल अझीझियातल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी मला हा प्रश्न विचारला जायचा. विचारणारा सहा फुटांच्या बराच वर गेलेला, सडसडीत केनियन तरुण, आणि चेहरा असा गंभीर की डॉक्टरांनी पेशंटच्या नातेवाइकांना विचारावं. गाडीचा नंबर शेवटी यायचा. त्याआधी माझी चौकशी, मग नवऱ्याची, मग मुलीची, मग नाशिकला असलेल्या माझ्या आईची आणि तिच्या गुडघ्याची. एकेक उत्तर पूर्ण ऐकून घ्यायचं, "हूं" म्हणायचं आणि पुढच्या माणसाकडे वळायचं. हे सगळं आटोपेपर्यंत मी किल्ली हातात घेऊन घामाघूम झालेली असायचे, कारण दोह्यात सकाळचं ऊनसुद्धा कुणाची गय करत नाही.

पहिल्या दिवशी मला वाटलं, पोरगा माझी फिरकी घेतोय. मी म्हटलं, "अरे, गाडी आहे ती. झोपेल कशी?"

तो जरा गोंधळला. मग त्याच्या शांत इंग्रजीत म्हणाला, "आमच्याकडे माणसांची चौकशी झाली की गुरांची करतात. तुझ्याकडे गुरं नाहीत. मग जी तुला रोज कामाला नेऊन पोसते, तिची तरी करायला नको का?"

दुसऱ्या आठवड्यापासून मीही उत्तरं द्यायला लागले. "काल जरा खोकत होती रे." तो बॉनेटवर हात ठेवून काळजीनं मान हलवायचा आणि मग पाय दुमडत, दुमडत, अजून दुमडत पुढच्या सीटवर बसायचा. त्याचे गुडघे जवळजवळ हनुवटीला लागायचे. सीट मागे सरकते हे मी त्याला दाखवलं होतं, पण मागे आमचा अकाउंट्सवाला मल्याळी सहकारी झोपलेला असे आणि त्याच्या झोपेला धक्का लावणं लेमायानला असभ्यपणाचं वाटे.

त्याचं नाव लेमायान. उत्तर केनियातल्या सांबुरू लोकांतला, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गाई, शेळ्या आणि उंट राखणाऱ्यांतला. मला 'मामा मुक्ता' म्हणायचा, कारण तिकडे बाईला तिच्या लेकराच्या नावानं हाक मारतात आणि मामा म्हणजे आई. आमच्या मुक्ताला सुरुवातीला हसू आवरेना. "आई, ही कॉल्ड यू मामा! यू आर युअर ओन ब्रदर नाऊ!" आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष गोखले काका मात्र त्याला पहिल्या भेटीपासून 'लिमये' म्हणत. लेमायान हे नाव त्यांच्या तोंडात बसेना आणि लिमये त्यांच्या सख्ख्या मावशीचं सासर. त्यामुळे "या लिमये, बसा" हे त्यांना अगदी सहज जमे. लेमायानही तितक्याच सहज बसे.

आम्ही दोघं हमद पोर्टला एकाच लॉजिस्टिक्स कंपनीत. मी कागदपत्रांच्या विभागात आणि तो यार्डाच्या गेटवर, कुठला ट्रक कधी आत घ्यायचा आणि कुठे उभा करायचा ते बघायला. नैरोबीला डिप्लोमा करून आलेला, कॉम्प्युटर सफाईनं चालवणारा. पण त्याची एक खोड होती. तो तोंडानं मोजायचा नाही. आपली गुरं मोजली की दृष्ट लागते, असं त्याला लहानपणापासून शिकवलेलं. म्हणजे स्क्रीनवर आकडा भरायचा तो निमूटपणे भरायचा, पण साहेबानं "किती ट्रक आले?" असं विचारलं की म्हणायचा, "उम्म सलालचा तो लाल, पुढचा दिवा फुटलेला, अजून दिसत नाही. बाकी सगळे घरी आहेत." साहेब लेबनीज, तापट. तो डोक्याला हात लावून "यल्ला, यल्ला, नंबर सांग!" म्हणून ओरडायचा. लेमायान प्रेमानं कॉम्प्युटरचा स्क्रीन त्याच्याकडे फिरवायचा. नंबर तिथे आहे, तोंड विटाळायचं कशाला, असा त्याचा हिशेब.

आता मूळ गोष्टीकडे येते. गाडी हायवेला लागली आणि मागून घोरणं सुरू झालं की लेमायान मोबाइल काढायचा आणि आवाजी निरोप पाठवायला लागायचा. इथून तिकडे साधा इंटरनेट कॉल लागण्याची मारामार, म्हणून ही सोय. एक निरोप गावातल्या गुराखी मुलामुलींच्या ग्रुपला, एक धाकट्या बहिणीला, नासेरियानला. आणि आठवड्यातून एकदा, गुरुवारी घरी परतताना, एक लांबलचक निरोप वडिलांना. त्यातले मला दोनच शब्द कळायचे, ते म्हणजे 'मामा मुक्ता'.

एकदा मी न राहवून विचारलं, "माझ्याबद्दल काय सांगतोस रे वडिलांना?"

"तुझी गाडी कशी आहे ते."

"माझ्या गाडीचं त्यांना काय?"

"त्यांनी विचारलं असतं," तो म्हणाला. "विचारत असते तर."

तेव्हा कळलं की वडील त्याच्याशी बोलत नव्हते. दोन वर्षं होऊन गेली होती.

प्रकार असा घडला होता. गावाजवळ एक डोंगर आहे. त्याच्यावरचं गवत दुष्काळासाठी राखून ठेवतात. तो डोंगर गुरांना कधी खुला करायचा हे म्हाताऱ्यांची सभा ठरवते, आणि सभा भरते एका मोठ्या काटेरी झाडाखाली. सभेत बोलायचं तर हातात काठी लागते. हातभर लांबीची, टोकाला गाठ असलेली. ज्याच्या हातात काठी, तो उभा राहून बोलणार आणि बाकीचे गप्प. त्याचं झालं की तो काठी पुढच्याकडे देणार. आता गंमत अशी की ही काठी फक्त वडीलधाऱ्या, बायकापोरं असलेल्या पुरुषांनीच हातात धरायची. बिनलग्नाच्या पोरांनी नाही आणि बायकांनी तर मुळीच नाही. मात्र गुरं घेऊन रानोमाळ हिंडतात ती बिनलग्नाची पोरं आणि पोरी. कुठे गवत उरलंय ते त्यांना ठाऊक, आणि ठरवणार ते म्हातारे, वीस वर्षांपूर्वीच्या रानाच्या आठवणीवर.

लेमायान तेव्हा नैरोबीहून नुकताच गावी परतला होता. पाऊस लांबला होता. म्हातारे डोंगर लवकर खुला करायला निघाले. नासेरियान आणि तिच्या बरोबरीच्यांनी त्याला सांगितलं होतं की पलीकडच्या माळावर अजून गवत आहे, आधी तिकडे जाऊ, डोंगर शेवटाला ठेवू. हा उठला, एका म्हाताऱ्याच्या हातातली काठी घेतली आणि बोलायला लागला. त्याचं पहिलं वाक्य संपायच्या आत त्याच्या वडिलांनीच त्याला दंड ठोठावला. एक कालवड. वडील सभेतले मुख्य, त्यामुळे पोटच्या पोराला सोडलं असं व्हायला नको. डोंगर खुला झाला. गवत महिन्या-दोन महिन्यांत संपलं आणि पाऊस आला तोपर्यंत गावातली निम्मी गुरं गेली होती.

"मग वडील काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. तेव्हापासून काहीच नाही." बाहेर बघत तो म्हणाला, "मी बरोबर होतो, हे त्यांना फार अवघड गेलं. चुकलो असतो तर एव्हाना माफ केलं असतं."

म्हणून हा दोह्याला आला. पण डोक्यातून डोंगर गेला नाही. त्या काठीपर्यंत तरण्या पोरापोरींचा हात कसा पोचणार, हाच त्याचा ध्यास. त्यासाठीच तो ग्रुप आणि ते निरोप. रानातून पोरं त्याला सांगत, कुठे किती चारा आहे, कुठल्या पाणवठ्यावर काय स्थिती आहे. तो ते जुळवून परत सगळ्यांना ऐकवी. वडील त्याचे गुरुवारचे निरोप ऐकतात की नाही, हे त्याला माहीत नव्हतं. नासेरियान त्यांच्या कानाला मोबाइल लावायची, ते डोळे मिटून बसायचे आणि संपल्यावर उठून जायचे. "कदाचित झोपत असतील," तो हसून म्हणायचा. पण हसताना माझ्याकडे बघायचा नाही.

एका शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायला होता. माझ्या पोळ्यांवर त्याचा फार जीव. आणि नेमकी त्याच दुपारी आमच्या हॉलमध्ये मंडळाची बैठक. विषय होता दिवाळीच्या कार्यक्रमात नाटक करायचं की ऑर्केस्ट्रा आणायचा. मराठी माणसांची बैठक कशी होते हे मी मराठी वाचकांना सांगायला नको. दहा-अकरा जण होते आणि सगळे एकाच वेळी बोलत होते. पुण्याचे मुंबईकरांना तोडत होते, मुंबईकर पुण्याच्यांना, आणि नाशिककर म्हणून मी व माझा नवरा विवेक दोघांनाही. लेमायान कोपऱ्यातल्या वेताच्या मोड्यावर बसून या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होता.

शेवटी त्यानं मला हळूच विचारलं, "मामा मुक्ता, यातला आत्ता बोलतोय कोण?"

"सगळेच."

"आणि ऐकतोय कोण?"

मी सभोवार पाहिलं. ऐकणारा तोच एकटा होता.

मला काय सुचलं कोण जाणे, मी टाळ्या वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हटलं, आपल्या लिमयेंच्या गावाकडे सभेची एक रीत आहे, आज तसं करून बघू. कल्पना सगळ्यांना आवडली, कारण ती राबवायची कशी यावर लगेच नवी चर्चा करता येणार होती. काठी हवी होती. फ्लॅटमध्ये कुठली काठी? मॉपचा दांडा पुढे आला, तो गोखले काकांनी नाकारला. मुक्ता स्वयंपाकघरात गेली आणि माझं लाटणं घेऊन आली. शिसवीचं, काळंभोर, लग्नात आईनं दिलेलं. लेमायाननं ते हातात तोलून पाहिलं. "आमची एवढीच असते," तो खूष होऊन म्हणाला.

पहिला मान अध्यक्षांचा. गोखले काकांनी लाटणं घेतलं आणि मंडळाच्या स्थापनेपासून सुरुवात केली. कुणी तोडायचं नाही, हा नियम. काका बोलत राहिले. चहा झाला, चहाचे कप विसळून झाले, काका अजून पहिल्या दिवाळीच्याच फराळावर होते. बाकीच्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. लेमायान मात्र पुढे वाकून, प्रत्येक वाक्याला "हूं... हूं" असा हुंकार देत होता. आयुष्यात पहिल्यांदाच इतका भला श्रोता मिळाल्यामुळे काका गहिवरलेच.

नंतर मी त्याला विचारलं, "तुमच्याकडे अशा माणसाचं काय करतात?"

"ऐकतो आम्ही. पुढच्या वेळी तो थोडं बोलतो. आपल्याला कुणी तोडणार नाही हे कळलं की माणसाची घाई जाते आणि मुद्दा लवकर सापडतो." यातलं किती खरं मला माहीत नाही, पण पुढच्या बैठकीत काका खरोखरच चहा यायच्या आत संपले.

तर लाटणं फिरत फिरत दारापाशी खुर्चीच्या टोकावर बसलेल्या संभाजीपर्यंत पोचलं. संभाजी लातूरजवळच्या औशाकडचा, एका कंत्राटदाराकडे इलेक्ट्रिशियन, कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहायचा. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात लाइट, माइक, पडदा सगळं त्याच्याकडे. बैठकीला न चुकता यायचा आणि न चुकता गप्प बसायचा. तो लाटणं तसंच पुढे देणार होता, पण लेमायाननं त्याला हातानं उभं राहायची खूण केली. संभाजी उभा राहिला. लाटणं दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं.

"मला येक बोलायचं होतं," तो म्हणाला आणि थांबला. कुणीतरी तोंड उघडलं, लेमायाननं बोट वर केलं. "मला बी नाटकात काम पायजेल. गावाकडं जत्रंत मी दर साली काम करायचो. फौजदाराचं माझंच ठरलेलं. हितं सा वर्सं झाली, नुस्ता पडदा वढतोय. कुणी इचारलंच न्हाई, म्हून म्या बी सांगितलं न्हाई."

आणि खाली बसला. शेजारच्यानं लाटणं घेतलं, पण त्याला काय बोलायचं होतं ते तो विसरून गेला होता. ऑर्केस्ट्रा त्याच क्षणी बारगळला. नाटक ठरलं आणि नाटकात नसलेला फौजदार घालण्यात आला. दिवाळीच्या कार्यक्रमाला संभाजी मिशा पिळत स्टेजवर आला तेव्हा क्वार्टर्समधल्या पोरांनी अशा शिट्ट्या वाजवल्या की त्याची दोन वाक्यं वाहून गेली. लेमायान पहिल्या रांगेत होता. मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तरी फौजदाराच्या प्रत्येक वाक्याला "हूं... हूं" चालू होतं. मागच्या रांगेतल्या देशपांडे वहिनी, ज्यांना त्याच्या डोक्यामुळे आधीच काही दिसत नव्हतं, त्यांना आता ऐकूही येईना.

त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी त्यानं गाडीची चौकशी केली नाही. मला चुकल्यासारखं झालं. सीटवर दुमडून बसल्यावर म्हणाला, "नासेरियानचा निरोप आलाय. यंदा पुन्हा पाऊस नाही. म्हाताऱ्यांनी डोंगराची सभा ठरवली आहे."

त्याची सुट्टी साठलेली होती. ती मिळालीही, कारण लेबनीज साहेब ओरडायचा खूप, पण गडी मनानं चांगला होता. प्रश्न सुट्टीचा नव्हताच. गावी जाऊन हा करणार काय? काठी याच्या हातात येणार नव्हती आणि नासेरियानच्या तर नाहीच.

"तूच बोल ना परत," मी म्हटलं. "घेऊ दे त्यांना अजून एक कालवड."

"मी तीन वर्षं दोह्यात बसलोय, मामा मुक्ता. गवत तिनं पाहिलंय. बोलायचं तिनं. आणि काठी हिसकावून नाही बोलायचं. तसं बोललेलं त्यांना ऐकू येत नाही. मी करून पाहिलंय."

जायचा दिवस जवळ येत चालला. जेवायला बोलावलं तर आला, पण मोड्यावर न बसता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. मी पोळ्या लाटत होते. तो एकटक माझ्या हातांकडे बघत होता.

"मामा मुक्ता, हे लाटणं कुणाचं?"

"माझं."

"तुझ्या आधी?"

"आईनं नवीनच घेऊन दिलं होतं."

"तुझ्या वडिलांनी कधी हातात धरलं?"

मला हसूच फुटलं. "जन्मात नाही."

"नवऱ्यानं?"

"विचार त्यालाच," मी म्हटलं. हॉलमध्ये विवेकनं टीव्हीचा आवाज वाढवला.

लेमायानचा चेहरा असा उजळला की मी लाटायची थांबले. "मग हे मला दे," तो म्हणाला. "म्हाताऱ्यांची काठी त्यांच्या वाडवडलांची. तिला हात लावायचा नाही, हा नियम आहे. पण ही काठी कुठल्याच म्हाताऱ्याची नाही. हिच्याबद्दल नियमच नाही!"

खरं सांगते, माझ्या जिवावर आलं. पोळीसाठी हातात बसलेलं लाटणं म्हणजे काय चीज असते ते ज्याचं त्यालाच कळतं. मी म्हटलं, उद्या बाजारातून नवीन आणून देते, याहून चकचकीत. तो मान हलवत राहिला. "नवीन नको. याच्यातून संभाजी बोललाय."

मुक्तानं माझ्याकडे पाहिलं. मी शेवटची पोळी लाटली, लाटणं धुतलं, पुसलं आणि त्याच्या हातात दिलं. मनातून चरफडत दिलं, हेही सांगून टाकते.

विमानतळावर मीच सोडलं त्याला. लाटणं मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या घडीत नीट ठेवलं होतं. माझा, विवेकचा, मुक्ताचा, आईच्या गुडघ्याचा असा सगळा निरोप घेऊन झाला, मग त्यानं बॉनेटवर तळहात ठेवला. "हिला सावलीत उभी करत जा," म्हणाला आणि आत गेला. काचेच्या दारातून आत जातानाही सवयीनं वाकला. दार चांगलं उंच होतं.

मग कित्येक दिवस काही नाही. मी बाजारातून आणलेल्या लाटण्यानं पोळ्या लाटत होते. ते पिठाला चिकटत होतं आणि घरात कुणी त्याबद्दल बोलायची हिंमत करत नव्हतं. रोज सकाळी पार्किंगमध्ये गाडीला कुणी काही विचारत नव्हतं. मागच्या सीटवरचा मल्याळी सहकारी पुढे येऊन बसला होता आणि तिथेही झोपत होता. मला त्या लांब पायांच्या पोराची फार आठवण यायची.

आणि एका दुपारी त्याचा निरोप आला. आवाजातच हसू होतं. सभेत आधी अर्धा दिवस याच्यावरच वाद झाला की ही वस्तू काठी आहे की नाही. लाटणं सगळ्या म्हाताऱ्यांच्या हातांतून फिरलं. कुणी वास घेतला, कुणी दातानं लाकूड तपासलं. एकानं विचारलं, ही कशासाठी असते? लेमायान म्हणाला, भाकरी चपटी करायला. मग ती काठी नव्हे, भांडं आहे, असं ठरत आलं होतं. तेवढ्यात सगळ्यांत थकलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, ती बाई ही हातात धरून उभी राहते, तेव्हा त्या घरात दुसरं कोण बोलतं? लेमायाननं खरं तेच सांगितलं. कुणीच नाही. मग ती काठी आहे, म्हातारा म्हणाला, आणि वाद मिटला.

विवेक हे ऐकून इतका हसला की त्याला ठसका लागला. मी हसले नाही. थोडीशी हसले.

पाठोपाठ व्हिडिओ आला. वाऱ्याचा घोंघाट, काटेरी झाडाची विरळ सावली, लाल चादरी पांघरून बसलेले म्हातारे. मागे उन्हात उभी असलेली पोरंपोरी. आणि मध्ये एक सतरा-अठरा वर्षांची उंच मुलगी, गळ्यात मण्यांच्या माळा, दोन्ही हातांत माझं लाटणं. नासेरियान. ती बोलत होती. आवाज सुरुवातीला कापत होता. मधेच ती लाटण्यानं लांब कुठेतरी माळाकडे दाखवायची, मग दुसरीकडे. एक शब्द कळत नव्हता. आम्ही तिघं सोफ्यावर मोबाइलवर वाकून बसलो होतो. म्हाताऱ्यांपैकी एकानं "हूं" केलं. मग दुसऱ्यानं. मग ते "हूं... हूं" सगळीकडून यायला लागलं आणि पोरीचा आवाज सरळ झाला.

खाली लेमायाननं लिहिलं होतं की डोंगर बंद राहणार. गुरं आधी माळावर जातील, आणि डोंगर कधी खुला करायचा ते आता पोरांनी येऊन सांगायचं, लाटणं हातात घेऊन. त्यावर नजर ठेवायला तो तिथेच राहणार होता. कंपनीला कळवलं होतं. साहेबाला माझ्यातर्फे शुक्रान, म्हणजे आभार, सांग, असंही होतं.

"आई, वेट, अजून आहे," मुक्ता म्हणाली.

अजून एक छोटा व्हिडिओ होता. सभा उठली होती. झाडाखाली एकच म्हातारा मागे राहिला होता, लेमायानसारखाच लांब, लेमायानसारखाच दुमडून बसलेला. त्याची स्वतःची काठी मांडीवर होती आणि हातात माझं लाटणं. तो ते उलटसुलट करून बघत होता. मग त्यानं मान वर केली आणि मोबाइल धरणाऱ्याकडे बघून काहीतरी विचारलं. त्यात ते दोन शब्द होते. मामा मुक्ता. मोबाइल कलंडला, झाड हललं, आकाश दिसलं आणि व्हिडिओ संपला.

खाली लेमायानच्या दोन ओळी होत्या. "घरी आल्यापासून एकदाही बोलले नव्हते. तीन वर्षांतलं त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य: त्या मामा मुक्ताची गाडी अजून खोकते का?"

म्हणजे म्हातारा झोपत नव्हता. दर गुरुवारी डोळे मिटून सगळं ऐकत होता.

मला रडू आलं. विवेक चष्मा पुसायला उठून गेला. मुक्तानं मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला आणि निरोपाचं बटण दाबलं. "आई, सांग ना त्यांना," ती म्हणाली, मराठीत. मी सांगायला लागले. "बाबा, मी मुक्ताची आई. मी बरी आहे, नवरा बरा आहे, मुलगी बरी आहे, नाशिकला आईचा गुडघा तसाच आहे. गाडीची बॅटरी बदलली. आता खोकत नाही. काल रात्री सावलीत होती, नीट झोपली."